तिची यादी मी, माझी तिने

वारके मॅडमनी आमचे दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला. प्रयोगशाळेत फॉर्मालिनचा वास भरला होता. मी आणि रझिया टेबलासमोर उभ्या होतो, वर्गाबाहेर काढलेल्या मुलींसारख्या.

"कल्याणी," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या यादीतल्या सगळ्या गावांहून रविवारी घरी जेवायला येता येतं."

रझियाला हसू फुटलं. मॅडमनी तिच्याकडे मान वळवली.

"आणि तुझी यादी मी आधी कुठेतरी छापलेली पाहिली आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. जगातली उंच शिखरं, लांब नद्या, प्रसिद्ध विद्यापीठं."

रझियाचं हसू जिथल्या तिथे थांबलं, कारण ते खरं होतं. ते पुस्तक आमच्या होस्टेलच्या खोलीत तिच्या उशाशीच पडलेलं असे.

ही गोष्ट जळगावची. आम्ही दोघी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय वनस्पतिशास्त्र. पुढे पीएचडी करायची हे ठरलं होतं, पण कुठे, ते ठरत नव्हतं. अर्जाला शिफारसपत्रं लागतात आणि आमची दोघींची पत्रं वारके मॅडम देणार होत्या. त्यांची एक अट होती. प्रत्येकीला पाचच पत्रं मिळतील. सहावं लिहायला घेतलं की त्यात खोटं शिरतं, असं त्या म्हणत. प्रत्येक पत्र त्या त्या ठिकाणासाठी नव्याने लिहीत, एकाची नक्कल दुसऱ्याला कधी जोडत नसत. म्हणून पाच जागा नीट निवडून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि आम्ही आणल्या होत्या त्या अशा.

मी लिहिलं होतं: पुणे, राहुरी, अकोला, परभणी आणि परत जळगाव. रझियाने लिहिलं होतं: ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड.

मी म्हटलं, या सगळ्या चांगल्याच जागा आहेत. मॅडम म्हणाल्या, त्या चांगल्या आहेत यात वादच नाही, पण तू त्या चांगल्या म्हणून लिहिलेल्या नाहीस. रझिया म्हणाली, मोठं स्वप्न बघायला बंदी आहे का? मॅडम म्हणाल्या, बंदी नाही, पण स्वप्नात तू काय करते आहेस तेवढं सांग. त्या मोठ्या इमारतीत शिरल्यावर कोणत्या खोलीत बसणार, कोणाजवळ, काय बघत? रझियाला ते सांगता येईना.

मग मॅडमनी दोन्ही कागद उचलले आणि मला वाटलं आता फाडणार. त्यांनी फाडले नाहीत. माझा कागद रझियाच्या हातात दिला आणि रझियाचा माझ्या.

"सोमवारी या. हिची यादी तू कर, तुझी ही करेल. प्रत्येक नावामागचं कारण सांगता आलं पाहिजे. तोवर एकमेकींना काही विचारायचं नाही, दाखवायचं नाही."

"आणि मला तिची यादी पटली नाही तर?" रझियाने विचारलं.

"तर मग पत्रं नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या. त्यांनी डोळा तिथे घातला की भेट संपली असं समजायचं असे.

रझिया तडवी आणि मी कल्याणी भारंबे दोन वर्षं एका खोलीत राहत होतो. ती सातपुड्यातल्या पालची, तडवी भिल्लांच्या घरातली. मी त्याच डोंगराच्या पायथ्याच्या सावद्याची. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली, पण जळगावला येईपर्यंत आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं. माझे वडील, नाना, सावद्यात भारंबे फोटो स्टुडिओ चालवत. आमच्याकडे शेत नव्हतं, पण चारही बाजूंनी केळीच्या बागा होत्या, आणि लहानपणापासून मला त्या बागांतल्या निरोगी पानांपेक्षा रोगट पानांचं वेड. केळीवर करपा पडतो. पानावर आधी बारीक पिवळ्या रेघा उमटतात, मग तपकिरी ठिपके, मग ठिपके एकमेकांना मिळतात आणि पान विस्तवावर धरल्यासारखं करपून जातं. ती करणी एका बुरशीची. एमएस्सीचा माझा प्रकल्प तिच्यावरच होता.

रझियाचा जीव मातीत. मातीत म्हणजे जुन्या तळ्यांच्या तळाशी साठलेल्या गाळात. फुलांचे परागकण इतके चिवट असतात की गाळात हजारो वर्षं शाबूत राहतात. ते वेगळे काढून ओळखले की त्या जागी पूर्वी कोणतं रान होतं ते सांगता येतं. ती तासन्‌तास काचपट्टीवर वाकलेली असे आणि मधूनच, "सापडला माझा साग," असं म्हणून मला हलवून दाखवी. मला सगळे ठिपके सारखेच दिसत.

त्या शुक्रवारी आम्ही दोघी रागातच सावद्याच्या बसमध्ये बसलो. ठरल्याप्रमाणे शनिवार आमच्याकडे आणि रविवार तिच्याकडे घालवायचा होता. फैजपूर येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. मग ती म्हणाली, "तू मला लखनौ लिहिणार, परागकणवाले सगळे तिथेच जातात म्हणून. मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, बोलायची मनाई आहे.

शनिवारी सकाळी मी परत जळगावला गेले, ग्रंथालयात बसायला. वाटेत होस्टेलवरून रझियाच्या झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत टाकला. तिने दोन वर्षांत जमवलेले शोधनिबंध होते ते, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले. मला वाटलं होतं तासाभरात काम होईल. पण बसल्यावर लक्षात आलं, की ही मुलगी भात कालवते कसा, रुसते कशी, झोपेत काय बडबडते ते सगळं मला माहीत आहे, आणि तिला नेमकं काय शिकायचं आहे ते मात्र मी कधी विचारलेलं नाही. म्हणून मी तिच्या खुणा वाचत गेले. ज्या पानांवर ती नुसत्या रेघा मारी ती बाजूला ठेवली, आणि ज्यांच्या समासात तिने स्वतःशी भांडण केलं होतं ती वेगळी काढली. "असं कसं?" "आमच्या तळ्यात हे का नाही?" "हे मीही करून बघेन." असे किती तरी शेरे. मग त्या वेगळ्या काढलेल्या निबंधांच्या तळाशी लेखकांचे पत्ते पाहिले. तेच गाव पुन्हा पुन्हा येत होतं. बर्गन, नॉर्वे.

रझियाने ते कधी पाहिलंच नव्हतं. पत्र हातात पडलं की माणूस मजकूर वाचतो, पाकिटावरचा शिक्का कोण बघतं? तिच्या यादीतलं केंब्रिजही त्या पत्त्यांत होतं. बाकीच्या चार नावांपैकी एकही नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर रझिया घरात नव्हती. आई म्हणाली, सकाळपासून ती नानांच्या एम-एटीवर मागे बसून गावभर फिरते आहे, आणि स्टुडिओला कुलूप आहे. दिवस दिवाळीनंतरच्या लग्नसराईचे. नाना स्टुडिओ बंद ठेवून फिरतात म्हणजे काहीतरी विशेष असणार. पण दोघं परत आले ते तोंडाला कुलूप घालूनच. नाना जेवताना माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी बघितलं की डाळीत बघत.

रविवारी आम्ही पालला गेलो. रझियाचे वडील रुबाबकाका वनखात्याच्या रोपवाटिकेत होते. माणूस सरळ आणि बोलका. अंगणात बाज टाकून त्यांनी मला बसवलं आणि आल्या-गेल्याला सांगू लागले, की पोरगी ऑक्सफर्डला चालली आहे, ही तिची मैत्रीण. अर्ज अजून भरलाही नव्हता. मी रझियाकडे पाहिलं तर ती जमिनीकडे बघत होती.

जेवायच्या आधी ती मला गावामागचं जुनं तळं दाखवायला घेऊन गेली. त्या वर्षी पाऊस कमी झाल्याने पाणी लवकरच आटत आलं होतं आणि एका बाजूला काठ कापल्यासारखा उघडा पडला होता. ती उकिडवी बसली आणि काठाच्या थरांवर बोट फिरवत बोलायला लागली. हा काळा थर, तेव्हा पाणी फार होतं. हा लालसर, तेव्हा डोंगर धुपला. इथे खाली काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही, अजून कोणी उतरून पाहिलेलंच नाही. बोलता बोलता ती गुडघ्यावर आली, मग पार चिखलात बसली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. शेवटी तिची आई, सुगरामावशी, स्वतः बोलवायला आल्या. भाकरी गार झाल्या होत्या.

"हे असंच," त्या मला म्हणाल्या. "आमच्याशी बोलायले तिले टाइम नाही. चिखलाशी बोलते."

तिच्यासाठीची माझी यादी तिथेच, त्या काठावर पुरी झाली.

सोमवारी मॅडमनी आधी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: केंब्रिज, बर्गन, स्वीडनमधलं लुंड, लखनौ, पुणे. मी कारण सांगायला तोंड उघडणार, तोच रझिया म्हणाली, "बर्गन कुठे आहे?"

"नॉर्वेत. समुद्राकाठी."

"केवढं आहे?"

मी म्हटलं, फार मोठं नाही. डोंगरात आहे. पाऊस खूप पडतो.

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं चिडेल, पण तिचा आवाज अगदी खाली गेला. ती म्हणाली, "कल्याणी, मी जळगावात कोणालाही माझं गाव सांगते तेव्हा मला पुढे सांगावं लागतं ते कुठे आहे. आडनाव सांगते तेव्हा विचारतात, तडवी म्हणजे कोण? जन्मभर मी आधी सगळं समजावून सांगते आणि मग बोलायला लागते. मला एकदा तरी असं नाव सांगायचं होतं की पुढे कोणी काही विचारणार नाही. आणि तू मला आणखी एका पालला पाठवतेस."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या सोडवतील असं मला वाटत होतं, पण त्यांनी ते आमच्यावरच सोडलं होतं. मी पिशवीतून तिचे ते कागद काढले आणि एकेक करून टेबलावर मांडले, समासातले तिचे शेरे वर येतील असे.

"हे तू ज्यांच्याशी भांडतेस ते लोक," मी म्हटलं. "दोन वर्षं भांडते आहेस. निम्मे बर्गनला बसतात. मला वाटलं, तोंडावर जाऊन भांडावंस."

रझियाने एक कागद उचलला, तळाचा पत्ता पाहिला. दुसरा उचलला. तिसरा. केंब्रिजचं काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, ते ठेवलंय, पण मोठं आहे म्हणून नाही, तिथे तुझं काम चालतं म्हणून. लखनौही त्याचसाठी. तिथे परागकणांचंच मोठं काम आहे, आणि तिथून नकार येणार नाही असं मला वाटतं, आणि बाकीकडून नकार आले तर तू तिथेही सुखात राहशील. जिथे गेल्यावर वाईट वाटेल असं एकही नाव मी लिहिलेलं नाही.

तिने नाक ओढलं, स्वतःचा कागद उलगडला आणि माझी यादी वाचायला लागली. राग अजून गेला नव्हता, त्यामुळे सगळं भांडल्यासारखं वाचलं.

"हॉलंडमधलं वाखनिंगन. बेल्जियममधलं लूव्हन. ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन. बंगळूर. राहुरी."

मी हसले. म्हटलं, वाखनिंगनला मला कोण विचारतंय?

"मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली. "वाखनिंगनला केळीच्या करप्यावर काम करणारी माणसं आहेत. मी नेट कॅफेत बसून त्यांची नावं काढली आहेत. त्यांच्या देशात केळी होत नाही. ते काचेच्या घरात झाड लावतात आणि त्याला मुद्दाम रोग देतात. हिच्या घराच्या खिडकीतून बाग दिसते. शनिवारी मी अकरा बागांत गेले. प्रत्येकाला एकच विचारलं, करपा आला तर कोणाकडे जाता? आठ जण म्हणाले, नानांच्या कल्याणीकडे. सायकलला पान बांधून हिच्या घरी येतात. ही बघते आणि सांगते, अजून वेळ आहे, फवारा, किंवा आता कापून टाका. शाळेत होती तेव्हापासून सांगते. दोन वर्षांत मला एका अक्षराने बोलली नाही, कारण हिला वाटतं हे काही शिक्षण नाही. नानांकडे पेटीभर फोटो आहेत, हिने हट्ट करून काढायला लावलेले. नुसती रोगट पानं. लग्नाच्या रिळात शेवटी एखादा फोटो उरला की हिचं पान. मॅडम, त्या हॉलंडच्या लोकांना ही मिळत नाही, म्हणून त्यांचं अडतंय. हिचं नाही."

हे सगळं ती माझ्याकडे रागाने बघत म्हणाली. माझ्याविषयी इतकं चांगलं कोणी इतक्या रागाने कधी बोललं नव्हतं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि मॅडम सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत होत्या, ज्या आधीच स्वच्छ होत्या.

"रझिया," त्या म्हणाल्या, "तुला तिची यादी पटली का?"

रझियाने बर्गनचा कागद पुन्हा उचलला. मग मला विचारलं, "पाऊस खूप म्हणजे किती?"

मॅडमनी दहा पत्रं लिहिली. अर्ज गेले. ब्रिस्बेनहून मला लगेच नकार आला आणि लूव्हनहूनही, आणि मी मनातल्या मनात राहुरीचं होस्टेल कसं असेल याचा विचार करू लागले. जानेवारीत वाखनिंगनच्या एका बाईंची ईमेल आली. अर्ज आवडला, असं त्यांनी लिहिलं होतं, पण एक विनंती होती. पहिल्या रेघेपासून पान पूर्ण करपेपर्यंत रोगाची प्रत्येक पायरी दाखवणारी छायाचित्रं पाठवता येतील का? बागेतली हवीत. त्यांच्याकडे होती ती सगळी काचघरातली.

मी नेट कॅफेतून घरी आले आणि नानांना सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडून नवरा-नवरी, बारसं आणि पासपोर्ट साइज एवढंच काढून घेतलं होतं. आता परदेशातून मागणी आली होती, तीही पानांची. पेटीतले जुने फोटो होते, पण त्यांत रोगाच्या पायऱ्या सलग नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी स्टुडिओतले दोन्ही दिवे, छत्र्या, तिपाई आणि मागे लावायचा निळा पडदा असं सगळं हातगाडीवर चढवलं.

पुढचे दोन-तीन दिवस सावद्यात जे झालं ते अजून लोक सांगतात. नानांनी बागेत पडदा टांगला. दोघांनी तो ताणून धरला आणि एकाने पान. नाना नवऱ्या मुलीला सांगतात तसं पानाला सांगत होते, जरा मान वर, जरा डावीकडे. दिव्यांसाठी विहिरीवरून वायर ओढली होती. रझिया पालहून मुद्दाम आली आणि प्रत्येक पानाजवळ मोजपट्टी धरून उभी राहिली. बातमी फिरली तसे लोक आपापल्या बागेतली पानं घेऊन यायला लागले. माझ्याकडचा करपा बघा, याच्यापेक्षा चांगला आहे. ज्यांच्या बागेत रोग नव्हता त्यांना वाईट वाटायला लागलं. दामूकाका नेहेत्यांची बाग गावात सगळ्यांत निरोगी. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, आमचं एक तरी पान घे. हॉलंडले जायाचं आमचंच नाव नको राहायले." त्यांचं एक हिरवंगार पान मी घेतलं, रोग नसलेलं पान कसं दिसतं ते दाखवायला. पाकिटातला पहिला फोटो तोच होता.

मार्चमध्ये उत्तर आलं. शिष्यवृत्तीसह प्रवेश. नेट कॅफेवाल्याने ते पान छापून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. घरी नानांनी ते वाचायला घेतलं, इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, तरी सावकाश शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "फोटोचं काय म्हणते बाई?" मी दाखवलं. तिने लिहिलं होतं, अशी छायाचित्रं आम्ही पाहिली नव्हती. नाना उठून बाहेर गेले. आई म्हणाली, जाऊ दे, येतील थोड्या वेळाने. ते पेढे घेऊनच परतले. पण मी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. रझियाचं अजून काही कळलं नव्हतं.

ती चार दिवसांनी आली, पालच्या बसने, सोबत रुबाबकाका. आम्ही तिघं जळगावला मॅडमकडे गेलो. रझियाने टेबलावर दोन कागद ठेवले. एक बर्गनचं होकारपत्र होतं. दुसरं केंब्रिजचं. तेही होकारपत्रच.

मॅडमनी ते दोन्ही वाचले आणि खुर्चीत मागे टेकल्या. मी रझियाला मिठी मारली. म्हटलं, झालं तुझ्या मनासारखं. आता कोणी काही विचारणार नाही. रुबाबकाकांनी मला सांगितलं, की बसमध्ये कंडक्टरलासुद्धा केंब्रिज ठाऊक होतं.

रझिया म्हणाली, "मी बर्गनला जाणार."

रुबाबकाकांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. त्यांनी तिला परत विचारलं. ती म्हणाली, "बाबा, केंब्रिजवाल्यांनी लिहिलंय, आमच्याकडे या. बर्गनच्या सरांनी लिहिलंय, तुमच्या गावामागच्या तळ्याविषयी तुम्ही अर्जात जे लिहिलंत ते वाचलं. त्या भागातला गाळ कोणी पाहिलेला नाही. येताना तो आणता येईल का? आपण दोघं मिळून बघू." मग तिने ते पत्र त्यांच्यापुढे धरलं. "त्यांना पाल कुठे आहे ते माहीत होतं. नकाशात शोधून काढलं होतं त्यांनी."

रुबाबकाका विचारात पडले. त्यांनी गावात, रोपवाटिकेत, तालुक्याच्या कचेरीत सगळीकडे मोठ्या नावाचं सांगून ठेवलं होतं. मला त्यांची काळजी वाटली. पण माणूस मोकळा होता. ते म्हणाले, "बरं मग. लोकांना ठाऊक नाही, ही लोकांची अडचण. मी सांगेन."

आणि त्यांनी सांगितलं. पुढचे तीन महिने पालच्या बाजारात नॉर्वेचा नकाशा काड्यांनी जमिनीवर काढून दाखवला जाई.

गाळ काढायचा दिवस जूनच्या आधीचा, ऐन उन्हाचा. माती देशाबाहेर न्यायच्या परवानग्या मॅडमनी खेपा घालून मिळवल्या होत्या आणि त्या दिवशी त्या स्वतः पालला आल्या, पदर खोचून. तळं कोरडं होतं. रुबाबकाकांनी रोपवाटिकेतल्या माणसांना बोलावलं, लोखंडी पाइप उभा करून हातोड्याने ठोकत ठोकत खाली घातला आणि सगळ्यांनी मिळून वर ओढला. आत गाळाचा अखंड दांडा होता, वर भुरका, खाली खाली काळा. रझिया तिथेच बसली आणि त्याला हात न लावता नुसती बघत राहिली. नानांनी फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि परत खाली ठेवला. म्हणाले, थोडं थांबू.

दांड्याचे तुकडे करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचे होते. मॅडमनी प्लास्टिकचे डबे आणले होते, पण ते पुरेनात. सुगरामावशी घरी गेल्या आणि टोपली भरून स्टीलचे डबे घेऊन आल्या. लग्नात मिळालेले, लख्ख घासलेले. एकाही डब्यात हळद-मिठाचा कण राहू नये म्हणून त्यांनी ते चुलीवर पाणी उकळून धुतले होते. तुकडा कागदात गुंडाळून त्या स्वतः डब्यात ठेवत होत्या आणि झाकण दाबून बसवत होत्या. मध्येच त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "लोकं परदेशी जाणाऱ्या पोरीले लाडू देतात. मी चिखल देऊन राहिले."

तेव्हा नानांनी तो फोटो काढला.

आम्ही दोघी त्याच वर्षी गेलो. मी आता सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे असते. केळीच्या बागा इकडे आहेत, त्यामुळे ते भागच आहे. रझिया बर्गनलाच शिकवते. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. पाऊस पडत होता. तिने मला खालच्या मजल्यावरची थंड खोली दाखवली, जिथे जगभरचा गाळ फळ्यांवर मांडलेला असतो. सगळ्या पांढऱ्या नळ्या आणि त्यांच्या मधोमध एक ओळ स्टीलच्या डब्यांची. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात, तसं प्रत्येक झाकणावर कोरलेलं होतं: सौ. सुगराबाई रुबाब तडवी, पाल.

पहिल्या दिवशी तिथल्या लोकांना वाटलं हे नमुन्याचं नाव आहे. त्यांनी तसंच नोंदवलं. आता त्या गाळाला सगळे सुगराच म्हणतात. सुगरा एक, सुगरा दोन, अशी नऊपर्यंत. सातपुड्यातल्या जुन्या रानाविषयी कोणी काही लिहिलं, की त्यात खाली कुठेतरी सुगराचा उल्लेख असतो.

परत आल्यावर मी हे मावशींना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला आणखी एक भाकरी वाढली.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "तिले सांग, चिखल काढून घे म्हना, अन् माझे डबे पाठव."